इनास काकांचा सॅलॅमँडर

किस्से काही ठरवून गोळा होत नाहीत. आपण पहाटे उठून पक्षी बघायला जातो, पक्षी दिसतो किंवा दिसत नाही, पण परत येताना बुटात वाळू आणि डोक्यात एखादा किस्सा हमखास असतो. वाळू बाल्कनीत झटकता येते. किस्से मात्र साठत जातात, आणि मग कुणाकडे चार माणसं चहाला जमली की "वृंदा, तो टॉवेलचा सांग ना!" अशी फर्माईश होते. मी फार आढेवेढे घेत नाही. मुळात फर्माईश व्हायची वाटच बघत नाही, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं आहे.

तर आमचा ग्रुप. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचं नाव 'हिवाळी भटके'. हिवाळी अशासाठी की दुबईच्या उन्हाळ्यात प्राणी बघायला बाहेर पडलं, तर प्राणीच आपल्याकडे कीव येऊन बघतील. थंडी सुरू झाली की दर शनिवारी आम्ही निघतो. एक मी, राहायला शारजात, नोकरी दुबईत, त्यामुळे अर्धं आयुष्य या दोघांच्या मधल्या रस्त्यावर. दुसरा शिरीष. हा अल बर्शातला, बँकेत आयटीवाला. त्याच्या कॅमेऱ्याची लेन्स एवढी मोठी आहे की फोटोत शिरीष असला तर आधी लेन्स दिसते. तिसरी त्याची मुलगी ईशा. इथेच वाढलेली, युनिव्हर्सिटीत बायॉलॉजी शिकते, मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत येतं. आणि आमचे वसईचे इनास काका आणि सेलिन काकू. काका एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीचे मॅनेजर. काकू त्यांच्याही मॅनेजर.

ग्रुपचा कडक नियम एकच, आणि तो ईशाने घालून दिलेला: कुठलाही प्राणी दिसला तर त्याचा फोटो हवा, नाहीतर तो किमान दोघांनी पाहिलेला हवा. एकट्यादुकट्याने पाहिलेलं धरलं जात नाही.

याच नियमाने इनास काकांचा घात केला.

काही वर्षांपूर्वी हत्ताच्या डोंगरात एका वादीत, म्हणजे डोंगरातल्या ओढ्यात, काका पाणवठ्याशी वाकले आणि त्यांना सॅलॅमँडर दिसला. सॅलॅमँडर म्हणजे दिसायला पालीसारखा, पण बेडकाच्या नात्यातला, ओल्या गुळगुळीत कातडीचा प्राणी. काका तरुणपणी दार्जिलिंगच्या एका हॉटेलात कामाला होते, तिथल्या तळ्यांत त्यांनी तो पुष्कळदा पाहिलेला. त्यामुळे ओळखण्यात चूक होणं शक्य नाही, असं काकांचं मत. आम्ही हाकेसरशी धावलो तोवर पाण्यावर फक्त तरंग होते.

"काका, देअर आर नो सॅलॅमँडर्स इन द यूएई," ईशाने सांगितलं. "ओन्ली टोड्स."

"पाल असेल," काकू वरून, गाडीपाशी मांडलेल्या घडीच्या खुर्चीतून म्हणाल्या.

तेव्हापासून दर हिवाळ्यात काका त्या वादीत जाऊन बसतात. आणि हा हिवाळा शेवटचा होता. मार्चअखेर काका रिटायर होणार, नोकरीबरोबर व्हिसा जाणार, आणि दोघं कायमचे वसईला परतणार. नोव्हेंबरातच काकांनी आम्हाला सांगून टाकलं, "मला बाकी काही नको. पार्टी नको, घड्याळ नको. तो फक्त एकदा दुसऱ्या कुणाला तरी दिसू दे. मी खोटारडा म्हणून इथून जायचं नाहीय."

आम्ही हसलो. काका हसले नाहीत.

*

आता टॉवेलचा.

खाडीकाठच्या दलदलीत आम्ही फ्लेमिंगो बघायला गेलो होतो. ते तर होतेच, चिखलात डोकं घालून उभे. पण पार पलीकडच्या टोकाला, तिवरांच्या मुळांशी काहीतरी पांढरं दिसत होतं. अजिबात हलत नव्हतं. शिरीष म्हणाला बगळा. ईशा म्हणाली चमच्या, म्हणजे चपट्या चोचीचा तो मोठा पक्षी. बापलेकीची जुंपली.

इनास काकांनी दुर्बीण लावली. बराच वेळ बघितलं. मग डॉक्टर रिपोर्ट वाचून चष्मा काढतात तशी दुर्बीण खाली घेतली आणि म्हणाले, "टॉवेल आहे."

"काय?"

"हॉटेलचा. पूल साइडचा. वाऱ्याने उडून आलाय. काठाची शिलाई दिसतेय मला."

आता ज्या माणसाच्या हाताखालून रोज डोंगराएवढे टॉवेल जातात, त्याच्याशी टॉवेलवरून कोण वाद घालणार? आम्ही मान्य केलं. शिरीषने हॉटेलवाले निसर्गाची कशी वाट लावतात यावर भाषण दिलं. काकांनी मान खाली घालून ते ऐकलं आणि सोमवारी हाउसकीपिंगशी बोलतो असं कबूल केलं. आम्ही चहा ओतून घेतला.

तेवढ्यात टॉवेलने मान लांब केली, पाण्यातून एक मासा उचलला आणि उडून गेला.

काकू म्हणाल्या, "आणि हे म्हणे सॅलॅमँडर ओळखतात!"

काका मात्र अजून आकाशातच बघत होते. "काही म्हण सेलिन," ते म्हणाले, "पांढरा केवढा निघालाय!"

*

शिरीषलाही सोडून चालणार नाही.

इथल्या वाळवंटात एक मोठा सरडा असतो, काटेरी शेपटीचा, त्याला अरबीत 'धब' म्हणतात. थंडीत तो बिळातून फारसा बाहेर येत नाही, आलाच तर दुपारी ऊन खायला. तेव्हा शिरीष दुपारी एका बिळासमोर पोटावर आडवा झाला. अंगात वाळूच्या रंगाचे कपडे, डोक्यावर तसलंच फडकं. आम्ही लांब झाडाखाली. ठरलं असं होतं की धब बाहेर येईपर्यंत शिरीष बोटसुद्धा हलवणार नाही. हे त्याने फार मनावर घेतलं.

एवढ्यात एक पिकअप आली. त्यातून कंदुरा, म्हणजे पांढरा पायघोळ झगा, घातलेले एक म्हातारे स्थानिक गृहस्थ उतरले. वाळवंटात माणूस उपडा पडलेला, हालचाल नाही. बिचारे धावतच गेले, शिरीषला उताणा केला, आणि "बिस्मिल्ला!" म्हणून थंडगार पाण्याची अख्खी बाटली त्याच्या तोंडावर ओतली.

शिरीष खोकत, ठसकत उठून बसला. "नो, नो! आय अ‍ॅम ओके! फोटो! फोटो!"

आजोबांचा चेहरा खुलला. त्यांनी शिरीषच्या खांद्यावर थोपटलं, स्वतःचा मोबाइल काढला आणि ओल्याचिंब शिरीषचा फोटो घेतला. मग शिरीषचा नंबर विचारून तो पाठवलाही. जाताना आम्हा सगळ्यांना खजूर दिले.

धब काही आला नाही म्हणून शिरीष गाडीत तोंड पाडून बसला होता. ईशा मोबाइलवर तो फोटो बघत होती. एकदम किंचाळली, "बाबा! बिहाइंड यू!"

शिरीषच्या ओल्या कानामागे, बिळाच्या तोंडाशी, धब ऐटीत मान वर करून बसला होता. आजही आमच्या ग्रुपकडे धबचा तो एकच चांगला फोटो आहे.

*

प्राणी बघायला वाळवंटातच जावं लागतं असं नाही. घरची गाडी रोज नवरा नेतो, म्हणून मी शारजाहून ऑफिसला कारलिफ्टने जाते, म्हणजे एकाच बाजूला ऑफिस असलेल्या आम्ही चौघी आणि गाडी चालवणारे फैसलभाई. सकाळच्या त्या जाममध्ये गाडी इतकी निवांत उभी असते की मी पर्समध्ये दुर्बीण ठेवायला लागले. एकदा विजेच्या खांबावर नीलपंख बसलेला दिसला. निळा तर इतका सुंदर की मी काच खाली केली आणि दुर्बीण लावून बघत बसले.

शेजारच्या गाडीतल्या मल्याळी गृहस्थांनीही काच खाली केली. "मॅडम, आगे अ‍ॅक्सिडेंट है क्या?"

मी दुर्बीण न काढता म्हटलं, "नहीं, बहुत सुंदर है!"

त्यांनी माझ्याकडे जरा चमकून बघितलं. मग त्यांच्या पलीकडच्या गाडीनेही विचारलं, त्यांनी तिला काय सांगितलं कोण जाणे! बघता बघता तीन लेनमधली डोकी माझ्याकडे वळली. एकाने तर उतरून येऊन विचारलं की किती वेळ लागेल. आता एवढ्या लोकांचा विश्वास बसलाय म्हटल्यावर मलाही राहवेना. मी म्हटलं, "बस, पाच मिनट!"

आणि खरोखर जाम सुटला! गाड्या हॉर्न वाजवून मला सलाम करत गेल्या.

दुसऱ्या दिवशी तोच रस्ता, तोच जाम, आणि शेजारी तेच मल्याळी गृहस्थ. काच खाली. आवाजात काळजी.

"मॅडम, आज मशीन नहीं लाया?"

*

सेलिन काकूंबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. काकू खोटं बोलत नाहीत. म्हणजे प्रयत्न केला तरी जमत नाही. एअरपोर्टवर कुणी विचारलेलं नसताना "माझ्या बॅगेत सुके बोंबील आहेत" असं सांगणारी ही एकमेव प्रवासी असेल.

काकूंना प्राण्यांत काडीचा रस नाही. त्या काकांबरोबर येतात, खुर्ची मांडतात, क्रोशे काढतात. त्यामुळे आमच्याकडे पद्धत पडलीय: पक्ष्यांच्या जवळ जायचं असलं की सगळ्यांचे मोबाइल काकूंकडे जमा. उगाच भलत्या वेळी वाजायला नकोत.

एकदा एक अगदी दुर्मीळ बदक तळ्यावर उतरल्याची खबर आली, तीही आठवड्याच्या मधल्या दिवशी. शिरीषने ऑफिसला कळवलं की ताप आलाय. मोबाइल काकूंकडे देऊन तो झुडपात शिरला. आणि इकडे त्याच्या लेबनीज बॉसचा फोन वाजला.

काकूंनी उचलला. साहेबांनी शिरीषच्या तब्येतीची चौकशी केली.

"नो, नो!" काकू आनंदाने म्हणाल्या. "ही इज व्हेरी फाइन, थँक गॉड! ही इज लुकिंग अ‍ॅट डक!"

शिरीष परत आला तेव्हा काकूंनी स्वतःच त्याला सगळं सांगितलं. शिरीष मटकन खाली बसला. "काकू, अहो, डॉक्टरकडे गेलाय म्हणायचं ना!"

"मग डॉक्टरकडे जायचं होतंस!" काकू म्हणाल्या आणि पुढचा टाका घातला.

तेवढ्यात साहेबांचा मेसेज आला. शिरीषने भीत भीत उघडला. लिहिलं होतं: 'हबीबी, सेंड लोकेशन.'

*

जानेवारीत शिरीषला काय अवदसा आठवली कोण जाणे. त्याने खेळण्यांच्या दुकानातून एक रबरी सॅलॅमँडर आणला. काळा, पिवळ्या ठिपक्यांचा. वादीत काका यायच्या आधी तो त्याने पाण्याच्या कडेला दगडावर ठेवला. मला हे मुळीच आवडलं नव्हतं. मी तसं म्हटलंही, पण शिरीष म्हणाला, "वृंदाताई, जरा गंमत!"

काका खाली उतरायच्या आत वरून एक राखी बगळा आला, दगडावर उतरला आणि रबरी सॅलॅमँडर चोचीत धरून उडाला.

"बाबा!" ईशा ओरडली. "यू जस्ट फेड प्लास्टिक टू अ हेरन!"

झालं! गंमत राहिली बाजूला, काकू सोडून आमची सगळ्यांची वरात त्या बगळ्यामागे. तो एका दगडावरून दुसऱ्या दगडावर, आम्ही त्याच्यामागे टाळ्या वाजवत, "टाक! टाक!" करत. त्याने तो गिळला असता तर ईशाने बापाशी बोलणं कायमचं बंद केलं असतं. शेवटी बगळा कंटाळला, चोच झटकली आणि खेळणं खाली टाकून निघून गेला.

काकांनी ते उचललं. उलटंपालटं करून बघितलं. शिरीषचं तोंड पांढरं पडलं. त्याला वाटलं काका आता दुखावणार. मला तर वाटलं रडतीलच.

"पाहिलंत?" काका म्हणाले. "बगळ्यालासुद्धा पटलं की इथे सॅलॅमँडर असतो. तुम्हालाच तेवढं पटत नाही!"

त्या दिवसानंतर शिरीषने सॅलॅमँडरची चेष्टा केली नाही. उलट फेब्रुवारीत दर शनिवारी तो काकांशेजारी लेन्स लावून बसायला लागला. पण बेडूक दिसले, चतुर दिसले, एकदा कुणाची तरी चप्पल दिसली. सॅलॅमँडर काही दिसला नाही.

*

आणि मग मार्चचा शेवटचा शनिवार.

ऊन चांगलंच चढायला लागलं होतं. वादीतलं पाणी आटून वळणावळणावर डबकी तेवढी उरली होती. काकांचं घरातलं सामान केव्हाच कार्गोने गेलं होतं, तिकिटं हातात होती. आम्ही पहाटेच पोचलो. काका आपल्या नेहमीच्या दगडावर बसले. शिरीष एका बाजूला, ईशा दुसऱ्या बाजूला, मी समोर. ईशासारखी मुलगी, जिला माहीत होतं की इथे तो प्राणी असूच शकत नाही, ती पाण्यावरून नजर हलवत नव्हती.

दहा वाजले, अकरा वाजले. काकांचा शर्ट पाठीला चिकटला होता. ते एकदा माझ्याकडे बघून हसले. असं हसले की मला पाण्याकडे बघणं सोपं वाटायला लागलं. मला त्या डबक्याचा राग आला. एवढी वर्षं माणूस येऊन बसतोय, एक साधी शेपटी दाखवायला काय जात होतं!

वर गाडीपाशी काकूंनी क्रोशे पिशवीत घातलं. खुर्ची घडी केली. आणि जी बाई एवढ्या वर्षांत कधी वादीत उतरली नव्हती, ती साडीचा काठ हातात धरून खाली आली. "पाय धुऊन येते," म्हणाल्या आणि आम्हाला ओलांडून पलीकडच्या वळणामागच्या डबक्याकडे गेल्या.

थोड्या वेळाने परत आल्या. साडीचा काठ ओला झाला होता. काकांच्या समोर उभ्या राहिल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "मी पाहिला."

काकांनी मान वर केली. "काय?"

"तुमचा तो. तिकडे, दगडाखाली. मी पाय घातला तशी आत गेला."

आम्ही सगळे उठलो. शिरीष लेन्स घेऊन वळणाकडे पळाला, तो रिकाम्या हाताने परतला. ईशा काकूंच्या पुढ्यात आली. तिला सवयच होती, ती सगळ्यांनाच असं विचारते.

"काकू, ड्राय स्किन ऑर वेट?"

"ओली. गुळगुळीत."

"एनी स्केल्स? लाइक अ लिझर्ड?"

"खवले नव्हते. पालीसारखा नव्हताच तो."

"अँड द टेल?"

"लांब. दोन्ही बाजूंनी चपटी. पाण्यात अशी, अशी जात होती." काकूंनी हात हलवून दाखवला.

ईशाने काकांकडे बघितलं, मग काकूंकडे, मग पुन्हा काकांकडे. तिच्या डोक्यात सगळी पुस्तकं एका बाजूला आणि सेलिन काकू एका बाजूला उभ्या होत्या, हे आम्हाला स्पष्ट दिसत होतं.

"ओके," ती शेवटी म्हणाली. "टू पीपल. दॅट्स द रूल." आणि तिने तिथेच ग्रुपवर टाकलं: 'सॅलॅमँडर. हत्ता. सीन बाय इनास काका अँड सेलिन काकू.'

शिरीषने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. काका मात्र उभे राहिले नाहीत. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि बायकोचा हात धरून विचारलं, "कसा होता गं?"

"तुम्ही सांगायचात तसाच," काकू म्हणाल्या.

काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. मीही रडले, सांगायला लाज कसली!

परतताना काका शिरीषच्या गाडीत बसले. त्यांना सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगायचं होतं, आणि या वेळी ऐकणारेही विश्वासाने ऐकणार होते. काकू माझ्या गाडीत आल्या. हत्ताचे डोंगर मागे पडले, वाळू सुरू झाली, उंट दिसले. काकूंनी पिशवीतून क्रोशे काढलंच नाही. मला एक प्रश्न सारखा विचारावासा वाटत होता. तोंडापर्यंत आला, पुन्हा गिळला, पुन्हा आला. दुबईच्या इमारती दिसायला लागल्यावर मी शेवटी म्हटलं, "काकू..."

"वृंदा," काकू खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "घरी जायच्या आधी जरा चर्चपाशी थांबव गं. शनिवार आहे. फादर आता कन्फेशनला बसले असतील."